दात नाहीत, मग जंतू कुठून? मधुमेह, कवळी आणि टाळूवरची बुरशी

आजच्या भागात आपण कवळीबद्दल बोलणार आहोत, आणि कवळी वापरणाऱ्याला मधुमेह असेल तर काय काळजी घ्यायची याबद्दल. कोणी हिला दातांचा सेट म्हणतं, इंदूर-ग्वाल्हेरकडची मंडळी बत्तीसी म्हणतात, बडोद्याकडे चोकठं म्हणतात. नाव काहीही असो, तिच्याबद्दलचा एक गैरसमज सगळीकडे सारखाच आहे.

दवाखान्यात मी एक वाक्य वारंवार ऐकतो. "डॉक्टर, आता तोंडात एकही दात उरला नाही, मग किडणार काय?" दात किडणार नाहीत, हे खरं. पण दात गेले म्हणून जंतू गेले, असं होत नाही. त्यांनी फक्त घर बदललेलं असतं. आधी ते दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला राहायचे, आता ते कवळीवर राहतात. आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडात त्यांना खायला-प्यायला जरा जास्तच मिळतं.

हा विषय किती घरांचा आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सगळ्या राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. वय वाढतं तसा मधुमेहही वाढतो आणि दातही पडतात. त्यामुळे मधुमेह आणि कवळी या दोन गोष्टी एकाच माणसाकडे असणं अगदी नेहमीचं आहे.

कवळी कशाची बनते?

आधी वस्तू समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आज वापरात असलेल्या बहुतेक कवळ्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. या प्लास्टिकचं पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. १९३० च्या दशकाच्या अखेरीला ते दंतवैद्यकात आलं. त्याआधी कित्येक वर्षं व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराच्या कवळ्या होत्या. अ‍ॅक्रिलिक हलकं, हिरडीच्या रंगाचं, दुरुस्त करायला सोपं आणि परवडणारं असल्यामुळे ते टिकून राहिलं.

ते बनवतात कसं? एक पावडर आणि एक लिक्विड एकत्र करतात. थोड्या वेळाने त्याचा मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो. तो प्लास्टरच्या साच्यात दाबून भरतात आणि गरम पाण्यात काही तास ठेवून कडक करतात. हे काम घाईत उरकलं, पाणी एकदम उकळवलं किंवा गोळा नीट दाबला गेला नाही, तर आत बारीक बुडबुडे राहतात. वरून कवळी छान चकचकीत दिसते, पण आतून सच्छिद्र असते. गरम न करता आपोआप कडक होणारं अ‍ॅक्रिलिकही असतं. दवाखान्यात बसल्या बसल्या तुटलेली कवळी जोडून देतात, ती बहुधा याच पदार्थाने. तो भाग जास्त सच्छिद्र असतो. म्हणून चार-पाच वेळा जोडलेली कवळी जंतूंना जास्त सोयीची.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कवळीच्या दोन बाजू असतात. जिभेकडची आणि गालाकडची बाजू पॉलिश केलेली, गुळगुळीत असते. टाळूला चिकटून बसणारी आतली बाजू मात्र पॉलिश करता येत नाही. कारण ती तुमच्या टाळूच्या मापाचा हुबेहूब ठसा असते. ती घासून गुळगुळीत केली तर माप बिघडेल आणि कवळी सैल होईल. म्हणजे जी बाजू चोवीस तास मऊ त्वचेला चिकटून असते, नेमकी तीच खडबडीत राहते. आपला आजचा विषय याच बाजूचा आहे.

कवळीखाली काय घडतं?

धुतलेली स्वच्छ कवळी तोंडात घातली की काही मिनिटांतच तिच्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्या थरावर आधी जिवाणू चिकटतात आणि त्यांच्या आधाराने बुरशीच्या पेशी येतात. या बुरशीचं नाव कॅन्डिडा. तिच्या अनेक जाती आहेत, पण तोंडात सर्वांत जास्त सापडणारी म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. ती कुठून बाहेरून येते असं नाही. अनेक धडधाकट माणसांच्या तोंडातही ती थोड्या प्रमाणात असतेच आणि काही त्रास देत नाही.

त्रास सुरू होतो तो तिची वस्ती वाढली की. पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नाही तर आतल्या भिंतीला बुळबुळीत थर येतो, तो तुम्ही हाताने अनुभवला असेल. कवळीवरही तसाच थर तयार होतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरली तर तो जात नाही. औषधही त्याच्या आत सहज पोचत नाही. म्हणूनच टाळूला औषध लावलं आणि कवळी तशीच राहिली, तर पंधरा दिवसांत तक्रार परत येते.

खडबडीतपणाचं यात काय काम? तोंडातल्या कठीण पृष्ठभागांचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचायला लागतो, असं १९९० च्या दशकातल्या अभ्यासांतून पुढे आलं. ०.२ मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. कॅन्डिडाची एक पेशी साधारण ४ ते ६ मायक्रॉनची असते. राखुंडीने, मिश्रीने किंवा कडक ब्रशने घासल्यावर कवळीवर पडणारे ओरखडे डोळ्यांना दिसतात, म्हणजे बुरशीच्या दृष्टीने ते चांगले खोल चर झाले. त्यात बसलेली पेशी घासण्यापासूनही वाचते.

दुसरी गोष्ट लाळेची. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात जंतूंना आवर घालणारी प्रथिनं असतात, त्यातली काही तर थेट कॅन्डिडावर मारा करतात. शिवाय लाळेच्या प्रवाहाने तोंड सतत धुतलं जातं. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे तिच्याखाली लाळ पोचतच नाही. खालची कवळी जरा हलती असते, तिच्याखाली लाळ ये-जा करते. म्हणून हा त्रास जवळजवळ नेहमी वरच्या कवळीखाली, टाळूवर दिसतो.

मधुमेहात काय बदलतं?

आता यात मधुमेहाची भर घाला. चार गोष्टी बदलतात.

पहिली, साखर. रक्तातली साखर वाढलेली राहिली की लाळेतही ग्लुकोज वाढतं. कॅन्डिडाला ग्लुकोज आवडतं. त्यावर ती वाढते, आम्ल तयार करते, आणि आम्लपणा वाढला की तिची ऊतींना इजा करणारी द्रव्यं जास्त जोमाने काम करतात.

दुसरी, कोरडं तोंड. साखर जास्त असली की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि लाळ कमी पडते. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनी तोंड आणखी सुकतं. साठीनंतर अशी एखादी गोळी बऱ्याच जणांना चालू असते. लाळ कमी म्हणजे पहारा कमी, आणि कवळी घासली जाण्याचं प्रमाण जास्त.

तिसरी, पांढऱ्या पेशी. बुरशीला गिळून टाकणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी अनियंत्रित मधुमेहात मंदावतात. त्या जागेवर उशिरा पोचतात आणि पोचल्यावरही कमी काम करतात.

चौथी, जखम भरणं. कवळी टोचून झालेला छोटा व्रण एरवी आठवड्याभरात भरतो. साखर जास्त असली तर तो रेंगाळतो. आणि मधुमेहाने नसांवर परिणाम झाला असेल तर टोचल्याचं दुखणं कमी जाणवतं, म्हणून कवळी टोचते आहे हेच उशिरा कळतं.

इथे एक दिलासाही आहे. हा सगळा खेळ मुख्यतः साखर ताब्यात नसण्याचा आहे. ज्यांची साखर नीट ताब्यात आहे, लाळ पुरेशी आहे आणि कवळी स्वच्छ आहे, त्यांनी मधुमेह आहे म्हणून कवळीला घाबरण्याचं कारण नाही.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

कवळीखाली टाळू लाल होण्याला आम्ही डेंचर स्टोमॅटायटिस म्हणतो. निरनिराळ्या पाहण्यांत कवळी वापरणाऱ्यांपैकी १५ ते ७० टक्क्यांपर्यंत लोकांमध्ये तो आढळला आहे. हा आकडा इतका मागेपुढे होतो, कारण वय, स्वच्छता, वृद्धाश्रमात राहणं किंवा घरी राहणं, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो.

यातली अडचण अशी की बहुतेकांना काहीच दुखत नाही. थोडी आग होते, तिखट झोंबतं, चव बदलल्यासारखी वाटते, एवढंच. माणूस म्हणतो, "वयाचं आहे, चालायचंच." त्यामुळे हे कुणी तरी मुद्दाम पाहिल्याशिवाय सापडत नाही.

घरीच पाहता येतं. वरची कवळी काढा. उजेडात किंवा मोबाइलच्या टॉर्चने, आरशात टाळू बघा. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. निरोगी टाळू फिकट गुलाबी असतो. न्यूटन नावाच्या तज्ज्ञांनी १९६२ साली या आजाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरतात. पहिल्या पायरीत टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. दुसरीत कवळीच्या आकाराचाच लालसर पट्टा दिसतो, जणू कवळीची कड रंगाने आखली आहे. तिसरीत टाळूचा मधला भाग खडबडीत, बारीक खड्यांसारखा दिसतो.

शिवाय ओठांचे कोपरे फाटणं, तिथे चिरा पडून ओलं राहणं, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग दिसणं आणि ते पुसले की खाली लाल दिसणं, हीही कॅन्डिडाची लक्षणं असू शकतात.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. जो व्रण किंवा लाल-पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नाही, तो "कवळी लागली असेल" म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारी खाण्याची सवय असेल किंवा पूर्वी असेल, तर तो दंतवैद्याने पाहिलाच पाहिजे. तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही.

हे लाल टाळूवर थांबत नाही

कुणी विचारेल, दुखत नाही तर बिघडलं कुठे? मधुमेहाच्या माणसात हे हळूहळू ताटापर्यंत पोचतं. तोंडात आग होते, म्हणून भाकरी सुटते, कोशिंबीर सुटते, उसळ सुटते. त्यांच्या जागी चहात बुडवलेली बिस्किटं येतात, ब्रेड येतो, साबुदाण्याची खीर येते, मऊ भात येतो. साखर वर जाते. साखर वाढली की बुरशी वाढते, आणि आग आणखी होते.

याची दुसरी बाजूही धोक्याची आहे. तोंड दुखतं म्हणून माणूस जेवत नाही, पण सकाळची गोळी किंवा इन्सुलिन सवयीने घेतो. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, साखर एकदम खाली येते. तेव्हा घरातल्या मधुमेही माणसाचं जेवण अचानक कमी झालं किंवा बदललं, तर साखर तपासाच, आणि एकदा कवळी काढून तोंडही पाहा.

मग कोणतं मटेरियल घ्यावं?

हा प्रश्न सगळ्यांचा आवडता. उत्तर जाहिरातीत असतं तितकं सोपं नाही. एकेक पर्याय पाहू.

गरम करून कडक केलेलं नेहमीचं अ‍ॅक्रिलिक. नीट शिजवलेलं आणि नीट पॉलिश केलेलं असेल तर मधुमेही व्यक्तीसाठी हा आजही चांगला पर्याय आहे. स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचं, असं समजू नका. दुरुस्ती होते आणि हिरडी झिजल्यावर आतून नवा थर देऊन माप परत बसवता येतं.

फ्लेक्सिबल कवळी. ही नायलॉनच्या जातीची असते. तारा दिसत नाहीत, तुटत नाही, म्हणून लोकांना आवडते. काही दातच बसवायचे असतील तर ठीक. पण हिला पॉलिश करणं अवघड असतं, वापरात ती लवकर खडबडीत होते आणि आतून थर देऊन माप बसवणं कठीण जातं. पूर्ण कवळीसाठी लागणारा कडकपणाही तिच्यात कमी पडतो. जास्त पैसे मोजले म्हणून बुरशी कमी, असं इथे घडत नाही.

धातूचा पाया. कोबाल्ट-क्रोमियमचा पाया पातळ आणि घट्ट असतो, त्यात अ‍ॅक्रिलिकसारखी छिद्रं नसतात आणि तो पाणी शोषत नाही. गरम-गार जाणवतं, त्यामुळे जेवणाची मजाही जास्त. खर्च जास्त आणि पुढे फेरफार करणं कठीण. काही दात शिल्लक असतील तर याचा जरूर विचार करावा.

मऊ अस्तर. हिरडी फार झिजली असेल, कवळी टोचत असेल, तर आतून सिलिकॉनचं किंवा मऊ अ‍ॅक्रिलिकचं अस्तर लावतात. आराम लगेच मिळतो. पण बुरशीला राहायला हीच सगळ्यांत सोयीची जागा. मऊ अस्तर कायमचं नसतं. ते ठरल्या वेळी बदलावंच लागतं. मधुमेह असेल तर हे दंतवैद्याला आवर्जून विचारा, "हे अस्तर कधी बदलायचं?"

संगणकावर बनवलेल्या कवळ्या. यात दोन प्रकार आहेत. एकात आधीच दाबाखाली तयार केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून मशीन कवळी कोरून काढतं. ती जास्त घट्ट असते, छिद्रं कमी असतात. दुसऱ्यात थरावर थर देत कवळी प्रिंट करतात. तिथे थरांच्या बारीक पायऱ्या राहू शकतात, म्हणून नंतरचं पॉलिश महत्त्वाचं. दोन्हींना लोक "डिजिटल कवळी" म्हणतात, पण दोन्ही एक नाहीत. विचारून घ्या.

या सगळ्याचं सार असं की जंतू किती सहज चिकटतील हे मटेरियलवर ठरतं, पण ते तिथे किती वेळ राहतील हे आपल्या रोजच्या सवयीवर ठरतं. महागातली कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवली तर ती बिघडणार. साधी अ‍ॅक्रिलिकची कवळी रोज साफ केली आणि रात्री काढली, तर ती वर्षानुवर्षं चांगली साथ देते.

रात्रीचा प्रश्न

आजच्या भागातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसा जो थोडाफार पहारा असतो, तोही रात्री उठतो. कवळी तशीच ठेवली तर बुरशीला सात-आठ तास ऊब, अंधार आणि मोकळं रान मिळतं.

जपानमध्ये टोकियोत ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांची तीन वर्षं पाहणी झाली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे २.३ पट आढळला. त्यांच्या कवळीवर आणि जिभेवर जंतूंचा थरही जास्त होता. एका पाहणीवरून कवळीमुळेच न्यूमोनिया झाला असं म्हणता येत नाही. पण झोपेत तोंडातले जंतू थोडे थोडे श्वासनलिकेत उतरतात, हे माहीत असल्यावर रात्री कवळी काढून ठेवण्याचा सल्ला पटतो.

मग लोक काढत का नाहीत? विसरतात म्हणून नाही. लाज वाटते म्हणून. चाळीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्यासमोर दातांशिवाय दिसायला तयार नसते. मुलाकडे पुण्याला किंवा हैदराबादला राहायला गेलेले आजोबा सून, नातवंडं बघतील म्हणून कवळी काढत नाहीत. रात्री कुणी आलं तर, फोन आला तर, बोळकं तोंड कसं दाखवायचं? ही भावना खरी आहे. तिला हसू नये. अशांना मी सांगतो, दिवा मालवल्यावर काढा आणि उठल्याबरोबर घाला. तेही जमत नसेल तर दुपारी दार लोटून दोन-तीन तास काढा. अगदीच न काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

अपवाद एकच. दात काढून त्याच बैठकीत नवी कवळी बसवली असेल, तर पहिल्या दिवशी ती काढू नका असं डॉक्टर सांगतात. तेव्हा त्यांचंच ऐका.

साफ कशी करायची?

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नळाखाली धुवा. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, मऊ ब्रशने घासा. ब्रश वेगळा ठेवा. साबण भांडी घासण्याचा पातळ किंवा हात धुण्याचा साधा चालतो. नंतर भरपूर पाण्याने धुवा. टूथपेस्ट, राखुंडी, मिश्री, मीठ, तारेची घासणी यातलं काही नको. टूथपेस्टमध्ये बारीक खरवडणारे कण असतात. दातांच्या कठीण कवचाला ते चालतात, अ‍ॅक्रिलिक त्यांनी ओरखडतं.

आतली बाजू विसरू नका. लोक पुढचे दात चकचकीत करतात आणि टाळूकडची खडबडीत बाजू तशीच राहते. घासताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरा किंवा खाली जुना टॉवेल ठेवा. हातातून सटकली तरी फुटणार नाही.

रात्री कवळी झाकणाच्या डबीत, साध्या पाण्यात ठेवा. रुमालात किंवा कागदात गुंडाळून ठेवली तर ती सुकते आणि तिचं माप बदलू शकतं, शिवाय ती कचऱ्यात जाण्याची भीती. पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा ती डबीही घासा. उकळतं पाणी कधीही वापरू नका, कवळी वाकडी होते.

कवळी साफ करायच्या फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या उपयोगी आहेत. त्या पाण्यात टाकायच्या असतात, तोंडात नाही. डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण वयस्कर माणूस चुकून ती गोळी गिळू शकतो. ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवण्याचा सल्ला दंतवैद्य कधी कधी देतात. अमेरिकेतल्या कृत्रिम दंततज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा द्रावणात १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. धातू असलेली कवळी त्यात बुडवूच नये. किती पातळ करायचं हे दंतवैद्याकडून समजून घेतल्याशिवाय करू नका.

काहींनी मायक्रोवेव्हबद्दल ऐकलं असेल. ब्राझीलमध्ये मधुमेही रुग्णांवर असा अभ्यास झाला आहे. कवळी पाण्यात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये ठरावीक शक्तीवर ठरावीक वेळ ठेवली, तर बुरशीविरोधी औषधाइतकाच उपयोग झाला. पण नंतर दोन्ही गटांत काही जणांना त्रास परत आला. यातून दोन गोष्टी कळतात. नुसती कवळी निर्जंतुक केली तरी टाळू सुधारतो, आणि सवय बदलली नाही तर सुधारणा टिकत नाही. घरी मात्र हा प्रयोग करू नका. वेळ चुकला तर कवळी वाकते, आणि धातू असेल तर ठिणग्या उडतात.

टाळू, हिरड्या आणि जीभ हेही रोज साफ करायचं असतं. बोटाला स्वच्छ ओलं सुती कापड गुंडाळून हलक्या हाताने पुसा. रक्तप्रवाह सुधारतो आणि रोज हात फिरल्यामुळे बदल लवकर कळतो.

बुरशी झालीच तर

घाबरू नका, हे बरं होतं. पण क्रम सांभाळावा लागतो. आधी रात्री कवळी काढणं, ती निर्जंतुक करणं, साखर तपासून ताब्यात आणणं आणि सैल कवळीचं माप सुधारणं. त्याबरोबर गरज असेल तर बुरशीविरोधी औषध. ते टाळूवर आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायला सांगतात. फक्त टाळूला लावलं तर काम अर्धंच होतं.

मधुमेह असलेल्यांनी इथे एक खबरदारी घ्यायचीच. फ्लुकोनाझोल नावाची गोळी ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड अशा काही मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम वाढवते. त्यामुळे साखर एकदम उतरू शकते. मायकोनाझोलची तोंडात लावायची जेलही रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवते. "नुसतं तोंडात लावायचं औषध आहे" असं समजून औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका. आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी किंवा पाकिटं दंतवैद्याला दाखवा. त्यांना शेवटचा एचबीएवनसी किती होता हेही सांगा.

लगेच नवी कवळी करायलाही धावू नका. लाल, सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर ती कवळी सैल होणार. आधी टाळू बरा करायचा, मग माप.

आणि कवळी जन्मभराची नसते. हिरडीखालचं हाड हळूहळू झिजत राहतं, कवळी आहे तेवढीच राहते. वर्षातून एकदा, मधुमेह असेल तर शक्यतो सहा महिन्यांनी, तपासून घ्या. दवाखान्यात जाताना सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि औषध घेऊन जा. उपाशी जाऊ नका.

घरातल्या मंडळींना

आपण आईबाबांची साखर विचारतो, रक्तदाब विचारतो, चष्म्याचा नंबर विचारतो. कवळीचं कुणी विचारत नाही. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसराळू झालेल्या माणसाची कवळी तर आठवडा-आठवडा तोंडातच राहते. या रविवारी एवढंच करा. झाकणाची एक चांगली डबी आणि एक मऊ ब्रश आणून द्या. त्यांच्या खोलीत, त्यांच्या उशाशी ती डबी ठेवा, म्हणजे सगळ्यांसमोर बेसिनपर्यंत जावं लागणार नाही. आणि महिन्यातून एकदा, त्यांची हरकत नसेल तर, टॉर्च घेऊन टाळू बघा.

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते असं:

• रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा.
• आतली बाजू रोज मऊ ब्रशने आणि साबणाने घासा. टूथपेस्ट आणि राखुंडी नको.
• महिन्यातून एकदा टाळू बघा. लाल असेल तर दुखायची वाट पाहू नका.
• दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दंतवैद्याला दाखवा.
• बुरशीचं औषध घेण्याआधी मधुमेहाच्या गोळ्यांची नावं सांगा.
• मटेरियल निवडताना किंमत बघू नका. पॉलिश, दुरुस्ती आणि साफसफाई कशी होईल ते विचारा.

हा भाग आपल्या घरातल्या कवळी वापरणाऱ्या माणसाला जरूर वाचून दाखवा. अक्षर बारीक वाटत असेल तर मोठ्याने वाचा, सोबत बसून.